कोलारचे सोने, बंगळुरूचा उजेड

मायकेल फिट्झजेराल्ड लॅव्हेल हा आयरिश शिपाई न्यूझीलंडमधल्या माओरी युद्धांत लढून आला आणि बंगळुरूच्या छावणीत स्थायिक झाला. नोकरी संपलेली, हाती वेळ भरपूर, आणि न्यूझीलंडच्या मुक्कामात सोन्याच्या खाणींचा नाद लागलेला. १८७१ साली त्याच्या वाचनात एक जुना, जेमतेम चार पानांचा लेख आला. लेख १८०४ सालचा होता. कोलारच्या पूर्वेला मारिकुप्पम आणि उरिगाम या खेड्यांच्या आसपासच्या मातीत सोन्याचे कण सापडतात, असे लेफ्टनंट जॉन वॉरन याने त्यात लिहून ठेवले होते. लॅव्हेलने बैलगाडी ठरवली आणि शंभर किलोमीटरचा रस्ता धरला.

त्याच्या नावाचा लॅव्हेल रोड आज बंगळुरूच्या भारी वस्तीत मोडतो. आम्ही कोरमंगलात राहणारी माणसे त्या रस्त्याने नेहमी जातो-येतो, पण हा लॅव्हेल कोण, हे विचारले तर दहांतल्या नऊ जणांना सांगता येत नाही. सांगता यायला हवे, असे मला मनापासून वाटते. या शहराच्या घराघरांत वीज आली, तिचा एक धागा थेट त्या बैलगाडीपर्यंत जातो.

वॉरनची हकिगत त्याच्याही आधीची. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि म्हैसूरचे राज्य पुन्हा वडियारांच्या हाती आले. नव्या राज्याच्या सीमा आखण्यासाठी इंग्रजांच्या ३३ व्या पलटणीतला वॉरन १८०२ मध्ये पूर्वेकडच्या भागात फिरत होता. इथल्या जमिनीत सोने आहे ही वदंता त्याच्या कानावर आली. सोने दाखवील त्याला इनाम, असे त्याने जाहीर केले. उरिगामचे गावकरी गाड्यांत माती भरून हजर झाले आणि त्यांनी त्याच्यासमोरच ती पाण्यात धुऊन दाखवली. तळाशी पिवळे कण उरले. वॉरनने हिशेब मांडला तो असा, की सुमारे ५५ किलो मातीमागे सोने मिळते एक ग्रेन, म्हणजे गुंजेहूनही कमी. गावातल्या लोकांनी खणलेल्या अरुंद, विहिरींसारख्या खाणीही त्याने पाहिल्या. माणसे त्यांत उतरत होती, दगड टोपल्यांतून वर येत होता, बायका तो कुटून धूत होत्या. इंग्रजांना हे सोने ‘सापडले’ असे पुस्तकांत छापतात तेव्हा या बायका आठवायला हव्यात. त्यांना ते कधीच सापडलेले होते.

वॉरनच्याही दीडशे-पावणेदोनशे वर्षे आधी हा मुलूख मराठी इतिहासात येऊन गेला आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळुरू घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि बंगळुरूची जहागीर पुढे त्यांच्याकडे आली. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हे परगणे त्याच जहागिरीतले. म्हणजे पुढे जगातल्या सर्वांत खोल खाणींत गणली गेलेली सोन्याची शीर काही काळ भोसल्यांच्या जहागिरीखाली निजलेली होती. तिचा तळ कुणाला कळणे तेव्हा शक्य नव्हते. खडकावर लाकडे रचून आग लावायची, तापलेल्या दगडावर पाणी ओतून तो तडकवायचा आणि छिन्नीने फोडायचा, ही जुनी रीत काही अंतरापर्यंतच चालते. पुढे झरे फुटतात, हवा कोंडते आणि माणसे वर येतात. राजांच्या खजिन्यातले होन बहुतेक व्यापारातून, खंडणीतून आणि लुटीतून येत. एकच नाणे वितळून चार राज्यांचे शिक्के अंगावर घेई. सोने झिजत नाही, गंजत नाही, वितळवले तरी घटत नाही. मालक बदलला की त्याचा मागचा इतिहास पुसला जातो, आणि कोलारच्या बाबतीत हेच पुढे फार मोठ्या प्रमाणावर घडले.

लॅव्हेलने म्हैसूर सरकारकडे परवानगी मागितली आणि १८७५ मध्ये त्याला वीस वर्षांचा पट्टा मिळाला. त्याने उरिगामला पहिली विहीर खणली. पण एकट्याच्या खिशाला झेपणारे हे काम नव्हते. दोनच वर्षांत त्याने आपले हक्क लष्करी अधिकाऱ्यांच्या एका गटाला विकले. मग मद्रास आणि लंडनमध्ये कंपन्यांचे पीक आले, शेअर खपले, पैसे खड्ड्यांत गेले. सोने हाती लागेना. शेवटी लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या खाणव्यवसायातल्या मुरलेल्या पेढीकडे कारभार गेला. या कंपन्यांतल्या म्हैसूर कंपनीचे भांडवल संपत आले होते आणि भागधारक गाशा गुंडाळण्याच्या बेतात होते. उरलेल्या पैशांत आणखी एकदा खणून पाहू, असे टेलरांनी त्यांना पटवले. १८८३ च्या सुमारास कॅप्टन प्लमरच्या माणसांना जुन्या लोकांच्या खाणींच्या खाली ती शीर लागली. तिला ‘चॅम्पियन लोड’ असे नाव पडले. एका टन दगडात तेव्हा चाळीस ग्रॅमच्या पुढे सोने निघत होते.

त्यानंतर माळरानाचे शहर झाले. चॅम्पियन रीफ, म्हैसूर माइन, नंदीदुर्ग, उरिगाम, बालाघाट अशा खाणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकरी आले, इटलीतून आले. बौरिंगपेटहून, म्हणजे आजच्या बंगारपेटहून, रेल्वेचा फाटा आला. टेकाडावर साहेबांचे बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान झाले. खाली पत्र्याच्या आणि तट्ट्यांच्या ओळी झाल्या. त्यांना ‘लाइन’ म्हणत आणि आजही म्हणतात.

या खाणींना वाफेची इंजिने लागत आणि त्यांचा सरपण-कोळशाचा खर्च सोन्याच्या नफ्यात वाटेकरी होऊन बसला होता. तेव्हा म्हैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर आणि जोली दि लॉटबिनियर या अभियंत्याने एक धाडस केले. कावेरीच्या शिवसमुद्र धबधब्यावर वीज तयार करायची आणि ती तारांवरून कोलारला न्यायची, असा बेत ठरला. अंतर होते सुमारे १४८ किलोमीटर. इतक्या लांब वीज नेण्याचे काम जगात तेव्हा क्वचितच कुणी केले होते. यंत्रे अमेरिकेतून आणि स्वित्झर्लंडमधून आली. रेल्वे संपली तिथून पुढे ती बैल आणि हत्ती लावून धबधब्याच्या काठी नेली. ३० जून १९०२ रोजी कोलारच्या खाणींत वीज आली. शेषाद्री अय्यर ते पाहायला राहिले नाहीत, आदल्या वर्षीच ते वारले.

बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये. म्हणजे संस्थानातल्या या मोठ्या शहराआधी तीन वर्षे ती वीज जमिनीखालच्या बोगद्यांत पोहोचली होती. शहराला मिळाली ती खाणींमागून. बंगळुरूच्या कापड गिरण्या, साबणाचा कारखाना आणि पुढे आलेली सगळी उद्योगनगरी या विजेवर वाढली. कोलारच्या सोन्याने बंगळुरूला काय दिले, असे कुणी विचारले तर माझे पहिले उत्तर वीज हेच असते. सोने स्वतः इथे थांबले नाही. विटा बोटीने लंडनला गेल्या आणि भागधारकांना लाभांश मिळाला. संस्थानाच्या तिजोरीत स्वामित्वधनाचा वाटा पडला, आणि त्या काळात तोही काही कमी नव्हता. पहिल्या महायुद्धात समुद्रातून सोने नेणे धोक्याचे झाले तेव्हा मुंबईच्या टांकसाळीत सोन्याची इंग्रजी नाणी पाडण्याची वेळ आली. १९१८ साली तिथे सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पडली. आपल्या घरांत ज्यांना गिन्नी म्हणतात ती हीच. मुंबईत पडलेल्या गिन्नीवर सालाच्या वर बारीक ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असते, भिंग लावले तर दिसते.

आता खाली उतरायला हवे, कारण हा इतिहास वरून दिसत नाही. चॅम्पियन रीफची खोली शेवटी तीन किलोमीटरच्या पुढे गेली. पिंजऱ्यात उभे राहून माणसे खाली जात, एका टप्प्यावर उतरून दुसऱ्या पिंजऱ्यात चढत, मग चालत कामाच्या जागी पोहोचत. तळाच्या खडकाचे तापमान साठ अंशांच्या पुढे असे. थंड केलेली हवा वरून सोडली तरी अंगावर फक्त लंगोट ठेवून काम करावे लागे. त्या खोलीवर डोक्यावरच्या डोंगराचा भार इतका असतो की पोखरलेला खडक कधी कधी स्वतःहून स्फोटासारखा फुटतो. त्याला ‘रॉकबर्स्ट’ म्हणत. हादरा वर गावातल्या भांड्यांना जाणवे आणि बायका खाणीच्या तोंडाकडे धावत सुटत. या फुटणाऱ्या खडकाचा अभ्यास तिथे इतका झाला की १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था केजीएफमध्येच, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्समध्येच, स्थापन झाली.

दुसरा वैरी धूळ होता. कोलारचे सोने गारेच्या दगडात असते. कोरड्या ड्रिलने गार फोडली की तिची पीठासारखी भुकटी श्वासाबरोबर आत जाते आणि फुप्फुसात कायमची बसते. सिलिकोसिस हा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो इथल्याच कामगारांत. माणूस चाळिशीत धापा टाकू लागे, आणि औषध काही नव्हते.

हे कामगार बहुतेक तमिळ बोलणारे, उत्तर अर्काट भागातून आलेले, आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने दलित होते. गावातल्या जमीनदाराच्या वेठीपेक्षा रोख मजुरी बरी म्हणून ते आले. सोनेचोरीच्या धास्तीने कंपनीने त्यांच्यावर कडक कायदे लादले आणि अंगझडती रोजचीच झाली. १९३० मध्ये प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेण्याचे ठरले, तेव्हा हजारो माणसे काम टाकून बाहेर आली. आम्ही गुन्हेगार आहोत काय, हा त्यांचा प्रश्न होता. तीन आठवडे खाणी बंद राहिल्या. त्यांच्या मागे मान्यताप्राप्त संघटना नव्हती, पुढारी नव्हते, तरी एवढे मोठे माणसांचे धरण फुटले, याचे मला आजही नवल वाटते.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. पंडित अयोतीदास यांनी मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ सुरू केला होता. त्याची शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मारिकुप्पमला निघाली, पुढे चॅम्पियन रीफलाही. खाणकामगारांनी वर्गणी काढून विहार उभारले, शाळा चालवल्या, छापखाना घातला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ मध्ये जे घडले त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी या धुळीत राबणारी माणसे बुद्धाकडे वळली होती. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली केजीएफला आले. धर्मांतराच्या आधीच्या त्या वर्षांत त्यांना या वस्तीचे महत्त्व वाटावे, यात आश्चर्य नाही. २०१८ च्या ‘केजीएफ’ चित्रपटाने हे नाव घरोघरी नेले, पण त्यातली कथा कल्पित आहे. खरी माणसे त्या पडद्यावर फारशी नाहीत.

याच खोलीने एक अनपेक्षित देणगीही दिली. होमी भाभांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बी. व्ही. श्रीकांतन यांच्यासारख्या तरुण शास्त्रज्ञांना कोलारला पाठवले. अंतराळातून येणारे विश्वकिरण जमिनीत किती खोल पोहोचतात ते मोजायचे होते. हजारो फूट खडक म्हणजे चाळणी, वरचा सगळा गोंगाट तिथे अडतो. १९६५ मध्ये मुंबईची ही संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांच्या तुकडीने जमिनीखाली सुमारे २,३०० मीटरवर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण टिपली. एम. जी. के. मेनन, सबुरो मियाके आणि अर्नोल्ड वुल्फेंडेल ही त्यांतली प्रमुख नावे. त्याच सुमारास फ्रेडरिक राइन्स यांच्या तुकडीलाही ती मिळाली, दक्षिण आफ्रिकेत आणि तीही सोन्याच्याच खाणीत. यंत्रे खाली नेणारे, जागा कोरून देणारे आणि दोर ओढणारे हात खाणकामगारांचे होते.

सोने मात्र आटत चालले होते. खाणी १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने घेतल्या, १९६२ मध्ये केंद्राने घेतल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही कंपनी झाली. टनामागे चाळीस ग्रॅमचे दिवस सरून तीन ग्रॅमही मिळेनासे झाले होते. शिवाय सरकार हे सोने बरीच वर्षे बाजारापेक्षा कितीतरी कमी असलेल्या आंतरराष्ट्रीय दराने घेत असे, त्यामुळे हिशेबात खाण कायम तोट्यात दिसे. त्याच काळात १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. कोलारचा खाणकरी आणि महाराष्ट्रातला सोनार यांची भेट कधी झाली नसेल, पण दोघांच्या चुली एकाच धोरणाने विझत आल्या. अनेक सोनारांनी त्या वर्षांत जीव दिला. कायदा उठला तो थेट १९९० मध्ये.

लगेच पुढच्याच वर्षी देशाची परकीय गंगाजळी संपत आली. १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला धाडले आणि बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवले. कोलारने सव्वाशे वर्षांच्या आसपास आठशे टनांहून अधिक सोने काढून दिले होते, त्यातले बहुतेक त्याच शहराच्या वाटेने गेले होते. दोन आकडे शेजारी ठेवले की मन अस्वस्थ होते.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पंप थांबले आणि बोगद्यांत पाणी चढले.

आपल्याकडच्या सोन्याची दुसरी खाण या काळात कधीच बंद नव्हती. ती म्हणजे घराघरातले जुने दागिने. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतली आणि शेजारच्या माण-खटावमधली माणसे पिढ्यान् पिढ्या देशभर गलाईचा, म्हणजे सोने वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा करतात. बंगळुरूच्या चिकपेट-नगरथपेट भागातल्या सराफ गल्ल्यांत ती आहेत, आणि तो जुन्या पेठेचा भाग शहाजीराजांच्या वास्तव्याशी जोडला जातो. काम असे चालते. मोडीत आलेली ठुशी, पाटली, बुगडी एकत्र मुशीत वितळवतात. त्यात सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी घालतात, नाहीतर तेजाब आत शिरत नाही. वितळलेला रस पाण्यात ओतला की त्याचे दाणे होतात. ते दाणे तेजाबात उकळतात. तपकिरी वाफ घशाला झोंबते, चांदी-तांबे विरघळून निघून जाते आणि तळाशी चॉकलेटी रंगाची भुकटी उरते. नवख्याला ती कचरा वाटेल. टाकणखार टाकून ती पुन्हा मुशीत आटवली की पिवळी कांडी निघते. कुणाच्या आजीची पुतळ्यांची माळ, कुणाची तारण बुडालेली बोरमाळ, सगळे त्या एका कांडीत. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन कण काढणारा झारेकरीही याच साखळीतला. वॉरनसमोर माती धुणाऱ्या बायकांचेच हे काम, जागा तेवढी बदलली.

कोरमंगलात आता सोन्याची वेगळीच रूपे दिसतात. दर चौकात सोने तारणाचे दुकान आहे. इथल्या कार्यालयांत रोज हाताळल्या जाणाऱ्या संगणकांच्या आणि मोबाइलच्या जोडण्यांवर सोन्याचा मुलामा असतो, कारण ते गंजत नाही आणि वीज सहज वाहून नेते. एक टन जुन्या मोबाइलमध्ये शंभर ग्रॅमहून अधिक सोने असते, म्हणजे कोलारच्या भरभराटीच्या काळातल्या दगडापेक्षाही जास्त. दुसऱ्या ब्लॉकमधल्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत याच धातूच्या जन्माचा शोध चालतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर पृथ्वीवर टिपली गेली, आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात याला भक्कम आधार मिळाला. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महादुर्बिणीनेही त्या घटनेचे रेडिओ निरीक्षण केले. अशा क्षणिक घटनांचा पाठलाग करायला कोरमंगलातल्या संस्थेने आणि आयआयटी मुंबईने लडाखमधल्या हानले इथे एक दुर्बीण बसवली आहे. कोलारचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे, पण त्यातले सोने पृथ्वीपेक्षाही जुने.

पहाटे मारिकुप्पमहून निघणाऱ्या गाड्या भरून येतात. खाण बंद झाल्यावर हजारो घरांचा पोटाचा आधार बंगळुरू झाला. खाणकऱ्यांची मुले-नातवंडे रोज शंभर किलोमीटर येतात आणि तेवढीच परत जातात. कुणी सुरक्षारक्षक, कुणी दुकानात, कुणी दवाखान्यात, कुणी संगणकापुढे. कोरमंगलातल्या इमारतींच्या दारांत उभ्या असलेल्या कितीतरी जणांचे आजोबा चॅम्पियन रीफच्या पिंजऱ्यात उतरलेले असतील.

तिकडे केजीएफमध्ये दगड कुटून, सायनाइडने सोने धुऊन घेतल्यावर टाकलेल्या भुकटीच्या राखाडी टेकड्या उभ्या आहेत. सुमारे हजार एकरांवर अशा १३ टेकड्या आहेत आणि अंदाजे ३.३ कोटी टन भुकटी. उन्हाळ्यात वारा सुटला की ती लाइनीतल्या घरांत जाते, पोरांच्या ताटांत पडते. २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या टेकड्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. टनामागे एक ग्रॅमही नाही, तरी आजच्या भावात ते परवडते. खाणकऱ्यांची कुटुंबे अजून कंपनीच्या जुन्या चाळींत राहतात. काम सुरू व्हायच्या आधी ती घरे त्यांच्या नावावर व्हावीत, धूळ बसवण्याचे पाणी आणि फुप्फुसांची तपासणी त्यांना मिळावी, आणि पहिली भरती लाइनीतूनच व्हावी.